वाचक विचारतात : टेंडर निघण्याआधी

जुन्या शाळा-महाविद्यालयांच्या इमारती आणि त्यांचे होऊ घातलेले नूतनीकरण याविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागांतून आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रांतील संस्थांची नावे मुद्दाम वगळली आहेत.

प्रश्न : मी टिळकवाडीत राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. ज्या महाविद्यालयात मी शिकले, त्याची दगडी, कौलारू मुख्य इमारत दिवाळीनंतर नूतनीकरणासाठी बंद होणार आहे. माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीत सर्वांनी भरभरून आठवणी सांगितल्या, 'वास्तूचे मूळ रूप जपावे' असा ठरावही झाला. मात्र संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी "मूळ रूप म्हणजे नेमके काय जपायचे, ते सांगा" असे म्हटल्यावर कोणालाच बोलता आले नाही. आमची ही ओढ म्हणजे निव्वळ गतकातरता आहे का? आणि नसेल, तर काम सुरू होण्यापूर्वी आम्ही काय करावे?

उत्तर : पदाधिकाऱ्यांचा प्रश्न आपल्याला बोचला असला तरी तो रास्त आहे, आणि तो टेंडर निघण्याआधी विचारला गेला हे चांगलेच झाले. एकदा काम कंत्राटदाराच्या हाती गेले की 'मूळ रूप' या शब्दांना काही अर्थ उरत नाही. टेंडरच्या कागदात चौरस मीटर असतात, घनमीटर असतात, नग असतात. त्यात माया नावाची बाब नसते. 'जुने प्लास्टर काढून सिमेंटचे नवे प्लास्टर करणे', 'जुनी कौले उतरवून रंगीत पत्रे बसवणे', 'जुनी फरशी काढून व्हिट्रिफाइड टाइल्स बसवणे' अशा तीन ओळींत एखादी इमारत ओळखू न येण्याइतकी बदलते, आणि ती बदलणाऱ्या कोणाचाही तिच्यावर राग नसतो. म्हणून आपली ओढ त्याच कागदाच्या भाषेत, खोलीवार आणि वस्तूवार उतरवणे, एवढे एकच काम आपल्या हाती आहे आणि ते दिवाळीपूर्वी पुरे व्हायला हवे.

गतकातरतेविषयी थोडे सांगतो, कारण आपल्या भागात या ओढीला एक वेगळे कारण आहे. बेळगावात १९३३ साली लिंगराज महाविद्यालय आणि १९४५ साली राणी पार्वतीदेवी महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा दोन्ही मुंबई विद्यापीठाखाली होती. पुढे १९४९ साली कर्नाटक विद्यापीठ स्थापन झाले आणि पदव्या धारवाडहून मिळू लागल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. आणि २०१० पासून आपली महाविद्यालये राणी चन्नम्मा विद्यापीठाशी जोडली गेली. एकाच घरात आजोबांची पदवी मुंबईची, मुलीची धारवाडची आणि नातवाची राणी चन्नम्मा विद्यापीठाची, असे चित्र बेळगावात मुळीच दुर्मीळ नाही. राज्य बदलले, विद्यापीठ बदलले, पदवीपत्रावरची मुद्रा बदलली. तिघांना समान असा केवळ तो वर्ग आणि तो व्हरांडा राहिला. इतरत्र माजी विद्यार्थी 'आमचे विद्यापीठ' म्हणून ज्या गोष्टीला बिलगतात, ती आपल्याकडे बहुतांशी 'आमची इमारत' आहे. त्यामुळे आपल्या बैठकीतल्या भावनेला मी गतकातरता म्हणून झटकून टाकणार नाही. तिला तपशील नव्हता, एवढेच.

तो तपशील जमवायला पावसाळ्यासारखा काळ नाही. बेळगावचा पाऊस इमारतीची जी तपासणी करतो, ती कोणत्याही अभियंत्याला मे महिन्यात करता येत नाही. संस्थेची परवानगी घेऊन जुलै-ऑगस्टमधल्या एखाद्या संततधारेच्या दिवशी इमारतीत जा आणि शक्य झाल्यास तिथे अनेक वर्षे काम केलेल्या एखाद्या निवृत्त शिपायांना बरोबर घ्या. कोणत्या खोलीत बादली ठेवावी लागत असे, कोणते दार पावसाळ्यात फुगते, पन्हळ कुठे तुंबते आणि माळ्यावर चढायची जागा कोणती, हे नकाशात नसते. ते त्यांना ठाऊक असते. वास्तुविशारदांच्या पहिल्या भेटीला ते उपस्थित राहिले तर बरीच फोडाफोड वाचेल.

छत गळते म्हणजे कौले गेली, असा निष्कर्ष फार घाईने काढला जातो. मंगळुरी कौल एकमेकांत अडकणारे असते आणि चांगले भाजलेले कौल शंभर वर्षेही टिकते. गळती बहुतेक वेळा दोन छपरांच्या सांध्यातील पत्र्याच्या पन्हळीतून, कोन्याच्या फुटलेल्या गिलाव्यातून किंवा कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, कुजल्यामुळे सरकलेल्या कौलांतून होत असते. ते पाणी लाकडी कैचीच्या, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या, उतारावरून ओघळत जिथे कैचीचे टोक भिंतीत शिरते तिथे मुरते, आणि नेमके तेच टोक कुजते. पेचकस घेऊन तिथे टोचून पाहा : निरोगी सागवान पेचकसाला दाद देत नाही, कुजलेल्या लाकडात तो बोटभर आत जातो. टोक कुजले म्हणून आख्खी कैची बदलण्याची गरज नसते. कुजका भाग कापून तिथे जुन्या सागवानाचा तुकडा लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट यांनी जोडता येतो, आणि हे काम चांगल्या सुताराच्या आवाक्यातले आहे. कौलेही उतरवल्यावर एकेक वाजवून पाहावीत. खणखणीत वाजते ते परत चढवावे, बद्द वाजते ते बाजूला काढावे. तुटीची भरपाई पाडल्या जाणाऱ्या जुन्या घरांच्या कौलांतून बहुधा होते. पत्रे घातल्यास काय होते हे आपण शिक्षिका असल्यामुळे सांगायला नको; आषाढातल्या सरीत पत्र्याखाली शिकवणाऱ्याचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोहोचत नाही.

छतानंतर माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे जमीन. जुन्या फरशीवरच नव्या टाइल्स बसवल्या की जमिनीची पातळी दोन-अडीच इंच वाढते. मग प्रत्येक दार खालून तासावे लागते, उंबरठे बुडतात आणि जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा आखूड होऊन नेमकी तिथेच माणसे अडखळतात. त्याहून वाईट म्हणजे जमिनीतली ओल, जी पूर्वी शहाबादी फरशीच्या सांध्यांतून हळूहळू निघून जात असे, ती चकचकीत टाइलखाली कोंडली जाते आणि वाट शोधत भिंतीत चढते. दोन वर्षांनी भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लोणा लागला की दोष भिंतीला दिला जातो.

आता आपण काय करावे, ते. माजी विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने एक खोली वाटून घ्यावी आणि त्या खोलीची दारे, खिडक्या, बिजागऱ्या, कडी-कोयंडे, खुंट्या, फळा, फरशी, तक्तपोशी, जे जे मूळचे आहे त्याची मापे आणि छायाचित्रे घेऊन एक वही तयार करावी. घराघरांतले जुने समूहफोटो मागवावेत. पुढे बसलेल्या प्राध्यापकांपेक्षा त्यांच्या मागे दिसणारी खिडकी इथे जास्त कामाची असते. त्यानंतर ही वही टेंडरच्या कागदपत्रांना जोडावी, मूळ दारे-खिडक्या क्रमांक घालून उतरवाव्यात आणि त्याच जागी परत बसवाव्यात, भिंत साफ करण्याची किंवा गिलाव्याची कोणतीही पद्धत आधी एका कोपऱ्यात नमुना करून दाखवल्याशिवाय सगळीकडे वापरू नये, अशी लेखी विनंती संस्थेला करावी. नमुन्याची अट छोटी वाटते, पण दगडावर वाळूचा फवारा मारून तो 'उजळवण्याचे' प्रकार अशाच एका कोपऱ्यात रोखता येतात; दगडाचा बाह्य थर एकदा गेला की तो परत येत नाही.

आणि एक गोष्ट मनाला लावून न घेता ऐका. आपल्याला प्रिय असलेले सगळेच मूळचे असेल असे नाही. ज्या पिवळ्या रंगासाठी माजी विद्यार्थी हटून बसतात, तो अनेकदा कुठल्यातरी अमृतमहोत्सवाच्या वेळी फासलेला ऑइल पेंट असतो आणि त्याच्याखाली भिंत गुदमरत असते. अंगणातले सिमेंटच्या पत्र्यांचे सायकल-स्टँडही आठवणीत रम्य असते. ते गेले तर इमारतीला मोकळा श्वास मिळेल. अशा गोष्टी वहीतून आपणच वगळल्या तर उरलेल्यांविषयीचे आपले म्हणणे अधिक गांभीर्याने घेतले जाईल.

प्रश्न : खानापूर तालुक्यातील आमच्या शाळेच्या भिंती जांभ्या दगडाच्या आणि चुन्यात बांधलेल्या आहेत. मी शाळेच्या विश्वस्त मंडळावर आहे. चुन्याचे काम करावे असे काही जण सुचवतात, परंतु कंत्राटदार म्हणतात की चुना कमकुवत असतो, आता मिळत नाही आणि सिमेंट त्याहून कितीतरी पक्के. यात तथ्य किती?

उत्तर : सिमेंट चुन्यापेक्षा पक्के असते हे खरे, आणि आपल्या भिंतीसाठी नेमका तोच त्याचा दोष आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागल्यावर टणक होतो, पण त्याची छिद्रे कायम राहतात. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात ते सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला हे करू देतो. सिमेंटचा थर मात्र भिंतीहून कठीण आणि जवळपास बंदिस्त असतो. त्याला थंडी-उन्हाने केसासारख्या भेगा पडतात, त्या भेगांतून पाणी आत जाते, पण बाहेर यायला वाट मिळत नाही. आत अडकलेल्या पाण्यातले क्षार थराच्या मागे स्फटिक होऊन फुगतात आणि मग प्लास्टर एकटे पडत नाही, दगडाचा पापुद्रा घेऊन पडते. अशा पडलेल्या तुकड्याची मागची बाजू उलटून पाहा. तिला जांभ्याचा तांबडा थर चिकटलेला दिसेल. दगडांमधल्या दरजा सिमेंटने भरल्या तरी हेच होते. दरज वाचते आणि तिच्या भोवतीचा दगड खचतो, तर चुन्याच्या कामात दरज झिजते आणि दगड वाचतो. दरज पुन्हा भरता येते.

चुना मिळत नाही, हे म्हणणे आळसाचे आहे. चुनकळी, म्हणजे न विरवलेला भाजका चुना, आजही बाजारात मिळते; तोटा आहे तो वेळेचा आणि ते काम जाणणाऱ्या हातांचा. चुनकळी पाण्यात विरवून किमान काही आठवडे मुरत ठेवावी लागते, कारण न विरलेला कण गिलाव्यात गेला तर तो महिन्यांनंतर फुगून भिंतीवर पुळीसारखा फुटतो. मुरलेल्या चुन्याच्या एका भागास वाळू आणि विटांचा कूट मिळून सुमारे अडीच ते तीन भाग घेऊन ते मिश्रण चांगले मळावे. पूर्वी यासाठी बैलाची घाणी असे, आता यंत्रावरही काम होते. विटांचा कूट घातल्याने गिलावा ओलसर जागीही धरतो. गूळ आणि हिरड्याचे पाणी घालण्याची आपल्याकडची पद्धत जुनी आहे, मात्र प्रमाण जाणणारा गवंडी असेल तरच तिच्या वाटेला जावे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्याला आठवडेच काय, महिने लागतात. म्हणून थर पातळ द्यावेत, दोन थरांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे आणि ओली गोणपाटे लावून तो सावकाश वाळू द्यावा. आपल्या हवेत हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात उत्तम होते. कंत्राटदारांची खरी अडचण ही असते की मार्चअखेर बिल काढायचे असते आणि चुना त्यांच्या आर्थिक वर्षाला जुमानत नाही. करारातच मुदत वाढवून द्या. शेवटचा हात चुन्याच्या सफेदीचाच असू द्या. चुन्याच्या गिलाव्यावर प्लास्टिक पेंट मारणे म्हणजे केलेल्या सर्व खर्चावर पाणी ओतणे होय.

प्रश्न : मी निपाणी भागातील एका महाविद्यालयात विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत उपकरणे नाहीत, मुलींसाठी पुरेशी स्वच्छतागृहे नाहीत आणि जिन्यांमुळे अपंग विद्यार्थ्यांना वर्गात जाता येत नाही. अशा वेळी जुन्या दगडांवर पैसे खर्च करावेत हे मला पटत नाही. शिवाय यांतल्या कित्येक इमारती इंग्रज साहेबांच्या थाटासाठी उभ्या राहिल्या. त्यांच्याविषयी प्रेम कसले?

उत्तर : आपल्या पत्राचा पूर्वार्ध मला शंभर टक्के मान्य आहे. ज्या नूतनीकरणात स्वच्छतागृहे, रॅम्प आणि सुरक्षित वीजजोडणी नाहीत, त्याला वास्तूचे जतन म्हणणे ही फसवणूक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर सार्वजनिक इमारतीत सुलभ प्रवेश ही कृपा राहिलेली नाही. जुन्या इमारतीला रॅम्प जोडणे अवघडही नसते. तो मूळ जोत्याला न खिळवता स्वतंत्र पायावर उभा करावा, म्हणजे उद्या बदलायचा झाल्यास दगडाला इजा होत नाही. स्वच्छतागृहे मात्र जुन्या खोल्यांत कोंबू नयेत. त्यांचे पाणी भिंतीत मुरते, म्हणून मागच्या बाजूला वेगळी बांधावीत.

उत्तरार्धाविषयी माझे मत वेगळे आहे. पुण्यात गणेशखिंडीतली सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत मुळात मुंबईच्या गव्हर्नरचा प्रासाद होती. बार्टल फ्रिअर यांच्या काळात १८६४ साली तिचे काम सुरू झाले आणि तिच्यावरच्या वारेमाप खर्चाबद्दल खुद्द साहेबांच्याच दरबारी टीका झाली. तिथूनच, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतताना, २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. १९४९ साली त्याच प्रासादात विद्यापीठ आले, आणि शेतकऱ्यांची मुले पदवीसाठी त्या दारातून आत जाऊ लागली. आपल्या शेजारी धारवाडला कर्नाटक कॉलेजची भव्य वास्तू ही पूर्वी सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य कार्यालय होती. रेल्वेच्या हिशेबनिसांच्या खोल्यांत पुढे पिढ्या शिकल्या. इमारत कोणी आणि कशासाठी बांधली याला महत्त्व आहेच, पण पुढे ती कोणाच्या ताब्यात आली याला माझ्या लेखी अधिक आहे. साहेबाचा थाट सोडून द्या, जाड भिंती, उंच छत आणि समोरासमोरच्या खिडक्या असलेल्या त्या वर्गात एप्रिलमध्ये पंख्याविना बसता येते, हे विज्ञानाच्या प्राध्यापकांना मी काय सांगावे!

खर्चाचे म्हणाल तर दुरुस्ती ही पाडून नवे बांधण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडते असा दावा मी करणार नाही. मात्र जुन्या इमारतीचे काम नीट झाल्यास मदतीचे हातही पुढे येतात. मुंबई विद्यापीठाचे, १८७४ साली पूर्ण झालेले दीक्षान्त सभागृह आणि १८७८ साली उभा राहिलेला राजाबाई टॉवर व त्याखालचे ग्रंथालय यांच्या जतनाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत अनुक्रमे २००७ आणि २०१८ साली स्थान मिळाले, आणि टॉवरच्या कामासाठी तर एका मोठ्या खासगी कंपनीने निधी दिला. लहान गावातल्या महाविद्यालयाला एवढे मोठे दाते मिळणार नाहीत हे खरे, पण ज्या माजी विद्यार्थ्यांना नव्या इमारतीच्या देणगीसाठी चार फोन करावे लागतात, ते आपल्या जुन्या वर्गाच्या छतासाठी स्वतःहून पैसे पाठवतात. तो निधी छताला वापरा आणि वाचलेली रक्कम प्रयोगशाळेला द्या, असा ठराव आपणच का मांडू नये?

प्रश्न : आमची जुनी शाळा बेळगावच्या किल्ल्याच्या परिसरात आहे. फक्त दुरुस्ती करायची असली तरी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते का?

उत्तर : अंतर मोजा. किल्ल्यातील कमल बस्ती आणि साफा मशीद यांसारख्या केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचा नियंत्रित आहे. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम करता येत नाही. असलेल्या इमारतीची दुरुस्ती मात्र राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या प्रक्रियेतून सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घेऊन करता येते. अंतर स्मारकाच्या भिंतीपासून नव्हे, तर संरक्षित क्षेत्राच्या सीमेपासून मोजले जाते, आणि इथेच अनेकांची गफलत होते. महापालिकेची परवानगी त्याशिवाय वेगळी.

प्रश्न : चिकोडी तालुक्यातील आमच्या शाळेच्या दर्शनी भिंतीत देणगीदारांची नावे कोरलेली जुनी मराठी शिला आहे. नूतनीकरणात ती काढून ग्रॅनाइटची नवी पाटी लावायचे ठरत आहे. काहींना भाषेवरून वाद नको आहे, काहींना शिला आहे तशीच, पण ऑइल पेंटने अक्षरे रंगवून हवी आहे. काय योग्य?

उत्तर : संस्थेचा नामफलक आणि भिंतीतली शिला या दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. नामफलक आजच्या नियमांप्रमाणे असावा, त्यात कन्नडला नियमाने जे स्थान आहे ते विनातक्रार द्यावे. शिला ही फलक नाही; ती भिंतीचाच एक दगड आहे आणि शाळा कोणाच्या पैशाने उभी राहिली याचा तो मूळ पुरावा आहे. सीमाभागातल्या जुन्या संस्थांमध्ये मराठी, कन्नड, इंग्रजी अशा सगळ्याच भाषांतल्या शिला आढळतात, आणि ज्या न्यायाने कन्नड शिला जपायची त्याच न्यायाने मराठी. ही भूमिका विश्वस्त मंडळाच्या इतिवृत्तात दोन्ही भाषांत लिहून ठेवली तर वादाला फारशी जागा उरणार नाही.

रंगवण्याच्या मात्र मी विरोधात आहे. ऑइल पेंट कोरीव अक्षरांच्या तळाशी साचतो, पुढच्या वेळी रंगवणारा एखाद्या अक्षराचा काना-मात्रा आपल्या अंदाजाने ओढतो आणि काही फेऱ्यांनंतर देणगीदाराचे आडनावच बदलते. शिला ॲसिडनेही धुऊ नका. साधे पाणी आणि मऊ ब्रश पुरे. अक्षरे वाचता येत नसतील तर संध्याकाळी अंधार पडल्यावर बॅटरीचा झोत एका बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरून टाका. खोदलेल्या कडांची सावली पडून दिवसा न दिसणारी ओळ स्पष्ट वाचता येते. तसाच फोटो काढून, मजकूर उतरवून तो शाळेच्या दप्तरी ठेवावा, आणि काम चालू असेपर्यंत शिलेवर लाकडी फळीचे झाकण ठोकावे. फळीचे खिळे शिलेत नव्हे, बाजूच्या दरजेत जातील, एवढे पाहायला कोणीतरी जातीने उभे राहावे.